मैल साठवायचे की उडवायचे? (वारंवार विमानप्रवास करणाऱ्यांसाठी)

सातवा_मजला (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या दोनेक वर्षांत आपल्याकडच्या विमानकंपन्यांच्या पॉइंट योजनांची (उडालं की पॉइंट जमतात, त्यांनाच मैलही म्हणतात, आणि त्यांवर पुढचं तिकीट काढता येतं) इतकी उलथापालथ झाली आहे की जुन्या धाग्यांतली निम्मी माहिती शिळी झाली. म्हणून हा नवा धागा. कुणाची खुर्ची मऊ आणि कुणाचा उपमा घशाखाली उतरत नाही यावर इथे भरपूर दळण दळून झालंय, ते नको. पॉइंट, सवलती, नियम आणि विमान रखडलं तर काय करायचं, एवढंच बोलू.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो, मग खुशाल तुटून पडा: पॉइंट साठवू नका. वर्षा-दीड वर्षात वापरून मोकळे व्हा.

किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद पडली, तेव्हा तिच्या किंग क्लब योजनेचे मैल मातीमोल झाले. जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तिच्या सभासदांचं नशीब थोडं बरं, कारण तिची पॉइंट योजना चालवणारी जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी होती आणि तिच्यात इतिहादचा ५०.१ टक्के हिस्सा होता. त्यामुळे पॉइंट बुडाले नाहीत, इंटरमाइल्स या नव्या नावाने जिवंत राहिले. पण ज्या विमानात बसायला ते जमवले होते ते विमानच नाही म्हटल्यावर काय करायचं त्यांचं? लोकांनी व्हाउचरं घेऊन हिशेब मिटवले.

मग विस्तारा. शेवटची उड्डाणं ११ नोव्हेंबर २०२४ ला झाली आणि दुसऱ्या दिवशी कंपनी एअर इंडियात विलीन झाली. क्लब विस्ताराचे पॉइंट एकास एक प्रमाणात एअर इंडियाच्या योजनेत, महाराजा क्लबात, आले. आकडा तोच राहिला, पण त्या आकड्यात काय विकत मिळतं ते ठरवणारा तक्ता बदलला. खरी ग्यानबाची मेख तक्त्यातच असते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये एअर इंडियाने आणखी एक बदल केला होता. अंतरावर पॉइंट देणं बंद करून तिकिटाच्या खर्चावर द्यायला सुरुवात केली. जगभर हेच चाललंय. पूर्वी स्वस्तात लांबचं तिकीट मिळवणारा हुशार ठरायचा. आता आदल्या दिवशी महाग तिकीट काढणाऱ्या कंपनीच्या साहेबाला पॉइंट जास्त. इंडिगोनेही तब्बल १८ वर्षांनी, २०२४ मध्ये, ब्लूचिप नावाची योजना आणली, तीही खर्चावरच.

माझ्या म्हणण्याचं मूळ कारण हे: पॉइंट हे कंपनीच्या वहीत देणं म्हणून बसलेलं असतं. ते देणं कमी करण्याचे दोनच रस्ते. तुम्ही ते वापरा, नाहीतर कंपनी त्यांची किंमत उतरवते. दुसऱ्या रस्त्याला तुमची परवानगी लागत नाही.

आता तुम्ही बोला.

चिंतामणराव_नळस्टॉप

लेख चांगला आहे, पण हा सगळा खेळ दुसऱ्याच्या पैशाने उडणाऱ्यांचा. आम्ही पदरचे पैसे घालून जातो. जे विमान स्वस्त ते आपलं. पॉइंटांच्या लोभाने दीड-दोन हजार रुपये जास्त देऊन अमुकच कंपनी पकडायची आणि वर्षाअखेर चारशे रुपयांचे पॉइंट मिळाले म्हणून खूश व्हायचं, हा व्यवहार मला कधी कळला नाही. त्यात बिझनेस आणि प्रीमियम इकॉनॉमीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा १८ टक्के झाला. साध्या वर्गावर ५ टक्केच आहे. आम्ही आपले मागच्या रांगेत बरे.

सातवा_मजला

राव, निम्मं मान्य. पॉइंटांसाठी जास्त पैसे देणं हा शुद्ध तोटा. पण ऑफिसच्या कामाने ज्यांना उडावंच लागतं, त्यांच्या खात्यात ते आपोआप पडतात. त्यांचं काय करायचं, हा माझा प्रश्न.

पनवेलचा_पाहुणा

वाखुसा (वाचनखूण साठवली).

मुक्काम_पोस्ट_फ्रँकफुर्ट

साठवू नका हे ठीक, पण दर्जाचं, म्हणजे जास्त उडणाऱ्यांना मिळणाऱ्या सिल्व्हर-गोल्डचं गणित वेगळं आहे, त्याची गल्लत नको. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या विमानकंपन्यांच्या जागतिक गटात आहे. त्यामुळे महाराजा क्लबातला गोल्ड म्हणजे स्टार गोल्ड. ते कार्ड लुफ्तान्सा, सिंगापूर, युनायटेड, तुर्की, एएनए सगळीकडे चालतं. अगदी साध्या वर्गाच्या तिकिटावरही लाउंज (विमानतळावरची खाण्यापिण्याची खास बैठक), आधी चेक-इन, आधी बोर्डिंग. जिथे सामान वजनावर मोजतात तिथे २० किलो जादा, जिथे नगावर मोजतात तिथे एक बॅग जादा. देशातून परत येताना ती बॅग कशाने भरलेली असते ते इथे कुणाला सांगायला नको.

अमेरिकेतल्या मंडळींसाठी खास: युनायटेडच्या स्वतःच्या गोल्ड सभासदाला देशांतर्गत प्रवासात युनायटेड क्लबमध्ये घेत नाहीत. दुसऱ्या देशातल्या विमानकंपनीचं स्टार गोल्ड असेल तर घेतात. म्हणून न्यू जर्सीतले कितीतरी लोक युनायटेडने उडतात, पण मैल दुसऱ्याच कंपनीच्या खात्यात टाकतात.

खवय्यी

लाउंजचं कौतुक आता पुरे. मुंबईच्या लाउंजबाहेरची रांग सुरक्षा तपासणीच्या रांगेपेक्षा मोठी असते. आत गेलं की बसायला जागा नाही, आणि इडल्या संपलेल्या.

कार्डबहाद्दर

खवय्यीताई, ती रांग आमच्यामुळेच. मधली काही वर्षं अशी होती की बँकेत नुसतं डोकावलं तरी लाउंजवालं कार्ड गळ्यात मारायचे. रुपेचं कार्ड असेल तर दोन रुपयांत प्रवेश. मग बँकांना खर्च झेपेना. एचडीएफसीने डिसेंबर २०२३ पासून रेगालिया कार्डावर तिमाहीला एक लाख रुपये खर्चाची अट घातली, बाकीच्याही त्याच वाटेने गेल्या. त्याच सुमारास, सप्टेंबर २०२३ मध्ये, ॲक्सिसने मॅग्नस कार्डाचे पॉइंट मैलांत बदलण्याचा दर पाचाला चार होता तो पाचाला दोन केला. म्हणजे एका रात्रीत निम्मा. सातवा_मजला म्हणतात तो मुद्दा याहून स्वच्छ कुठे दिसणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये तर बँका आणि लाउंज यांच्यामधला सगळ्यात मोठा दलाल, ड्रीमफोक्स, देशांतर्गत लाउंजच्या धंद्यातून बाहेर पडला. आता काही बँकांनी लाउंजशी थेट करार केलेत, काहींनी दुसरा मध्यस्थ धरलाय. त्यामुळे कार्डामागे लाउंजचं चित्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका. निघायच्या आदल्या दिवशी बँकेच्या ॲपमध्ये दोन गोष्टी बघा: या तिमाहीची खर्चाची अट पुरी झाली का, आणि तुमच्या टर्मिनलचं लाउंज यादीत आहे का. काही कार्डांना आता आधी व्हाउचर काढून घ्यावं लागतं, नुसतं कार्ड घासून चालत नाही.

चिंतामणराव_नळस्टॉप

कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये उडान यात्री कॅफे सुरू झाला, मग पुण्यातही आला. दहा रुपयांत चहा, वीस रुपयांत समोसा. कार्ड लागत नाही, तिमाही लागत नाही.

कार्डबहाद्दर

राव :) :) हे मात्र मानलं.

नियमावली

इतका वेळ वाचत होते. लाउंज-पॉइंट चालू द्या, पण डिसेंबर २०२५ च्या गोंधळानंतर सगळ्यात आधी बोलायला हवं ते हक्कांवर. गोल्ड असो की पहिल्यांदाच उडणारा असो, हे सगळ्यांना सारखेच लागू आहेत, आणि बहुतेकांना ठाऊक नसतात.

आधी काय झालं ते थोडक्यात. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम दोन टप्प्यांत आले, दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांची ४८ झाली आणि रात्रीच्या वेळी उतरण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. इंडिगोकडे त्या हिशेबाने माणसं पुरेनात आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हजारो उड्डाणं रद्द झाली. एकट्या ५ डिसेंबरला हजारावर. बाकी कंपन्यांची तिकिटं आकाशाला भिडली, तेव्हा सरकारने भाड्याला कमाल मर्यादा घातली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० रुपये.

आता डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा, मूळ नियम. उड्डाण रद्द होणार हे कंपनीने दोन आठवडे आधी कळवलं, तर पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते आपण निवडायचं. वेळेत कळवलंच नाही, तर त्याशिवाय भरपाई. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि दोन तासांवरच्या उड्डाणाला १०,०००. यात एक खुट्टी आहे. हा आकडा किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतलं जे कमी असेल ते मिळतं. शिवाय वादळ, धुकं, हवाई नियंत्रणाचा बिघाड अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही. पैसे परत मात्र तेव्हाही मिळतात.

विमान रखडलं तर उड्डाणाच्या लांबीनुसार दोन तासांपुढे चहा-खाणं. सहा तासांहून जास्त रखडणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळातलं उड्डाण सहा तासांवर लांबलं, किंवा कुठलंही उड्डाण २४ तासांवर गेलं, तर हॉटेल.

जास्त तिकिटं विकून विमानात घेतलंच नाही, असं झालं तर भरपाई सगळ्यात मोठी. तासाभरात दुसरं विमान दिलं तर काही नाही. २४ तासांच्या आत दिलं तर मूळ भाड्याच्या दुप्पट, कमाल १०,०००. त्याहून उशिरा दिलं तर चौपट, कमाल २०,०००.

काउंटरवर भांडताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, परताव्याऐवजी "पुढच्या प्रवासासाठी क्रेडिट" घ्यायची सक्ती ते करू शकत नाहीत. निवड प्रवाशाची. दोन, क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर परतावा सात दिवसांत यायला हवा. तीन, "नॉन-रिफंडेबल" तिकीट तुम्ही स्वतः रद्द केलंत किंवा विमान चुकलं, तरी विमानतळाचे शुल्क आणि सरकारी कर परत मिळतात. मागावे लागतात, आपणहून कुणी देत नाही. आणि रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त लावता येत नाही.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तिकीट एजंटकडून काढलंत तर त्यात मोबाइल नंबर कुणाचा आहे ते बघा. पुष्कळ एजंट स्वतःचाच टाकतात. कंपनीने त्या नंबरवर निरोप धाडला की तिच्या लेखी तुम्हाला कळवून झालं. भरपाईचा दावा तिथेच संपतो. पीएनआर हातात आला की कंपनीच्या साइटवर जाऊन आपला नंबर आणि ईमेल घाला.

तक्रार आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर.

पनवेलचा_पाहुणा

नियमावली, तुमच्या नंबरच्या मुद्द्याला हजार मोदक. आमचं विमान पहाटे रद्द झालं, निरोप एजंटला, आणि एजंट गावच्या जत्रेत. आम्ही सगळे हारतुरे घेऊन विमानतळावर हजर.

मुक्काम_पोस्ट_फ्रँकफुर्ट

वरच्या रकमा बघून इकडचे लोक हसतील. युरोपचा २६१ क्रमांकाचा नियम आपल्या लोकांनी पाठ करून ठेवावा. युरोपीय संघातल्या कुठल्याही विमानतळावरून सुटणारं विमान, कंपनी कुठल्याही देशाची असो, या नियमाखाली येतं. म्हणजे फ्रँकफुर्टहून एअर इंडियाने निघालात तरी लागू. उलट दिशेला, म्हणजे भारतातून युरोपात येताना, कंपनी युरोपीय असेल तरच. लुफ्तान्साला दोन्ही बाजूंनी लागू, एअर इंडियाला फक्त इकडून निघताना. तिकीट कुणाचं हे बघू नका, उडवतंय कोण ते बघा. कोडशेअरमध्ये (तिकीट एका कंपनीचं, विमान दुसरीचं) इथेच गफलत होते.

मुक्कामाला तीन तास किंवा त्याहून उशिरा पोहोचलात तर अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो. भारताच्या प्रवासाला ६०० चा गट. तीन ते चार तासांचाच उशीर असेल तर ते निम्मे करू शकतात. तिकिटाची किंमत कितीही असो, रक्कम तीच. वादळ हे निमित्त चालतं. कंपनीच्याच कर्मचाऱ्यांचा संप किंवा नेहमीचा तांत्रिक बिघाड हे निमित्त युरोपच्या न्यायालयाने मान्य केलेलं नाही. ब्रिटननेही बाहेर पडताना हाच नियम आपल्या कायद्यात ठेवला, तिथे लांबच्या प्रवासाला ५२० पौंड. दावा जर्मनीत तीन वर्षं आणि इंग्लंडमध्ये सहा वर्षं करता येतो, तेव्हा जुने बोर्डिंग पास फेकू नका.

उशिराची ही मर्यादा तीन तासांवरून चार आणि सहा तासांवर न्यायचं जून २०२५ मध्ये सदस्य देशांच्या मंत्र्यांनी ठरवलं, युरोपीय संसदेचा त्याला विरोध आहे. नियम बदलत नाही तोवर घ्या हात धुऊन.

सातवा_मजला

आणि अमेरिकेत उशिराची भरपाई नाहीच. पण ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून, आंतरराष्ट्रीय उड्डाण सहा तासांहून जास्त पुढे गेलं आणि तुम्ही जायचं नाही असं ठरवलंत, तर पैसे न मागता परत द्यावे लागतात.

पेठेतली_मावशी

माझा प्रश्न साधा आहे. जाऊबाई आणि भावजी लेकाकडे नेवार्कला पहिल्यांदाच चाललेत, दोघंही सत्तरीच्या पुढे. इंग्रजीची अडचण. सगळे म्हणतात व्हीलचेअर सांगून टाका, माणूस दारापर्यंत नेऊन सोडतो. सांगावी का? भावजी रोज पर्वती चढतात, म्हणून विचारते.

कार्डबहाद्दर

बिनधास्त सांगा मावशी. सगळे सांगतात. वयाचा मान आहे तो.

नियमावली

कार्डबहाद्दर, मला हे पटत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसोबत उतरले. दोघांनी व्हीलचेअर मागितली होती, मिळाली एक. पत्नीला बसवून ते चालत इमिग्रेशनकडे निघाले, वाटेत कोसळले आणि गेले. डीजीसीएने एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला. खुर्च्या पुरवणं हे कंपनीचं काम, जबाबदारी तिचीच. पण भारत-अमेरिका विमानांना खुर्च्यांची जी लांबलचक रांग लागते, तिच्यात पर्वती चढणारे किती असतात हेही बघायला हवं.

कार्डबहाद्दर

पण मग भाषेची अडचण असणाऱ्याने करायचं काय? विमानतळावर मराठीत बोलणारा कोण भेटणार नेवार्कला? व्हीलचेअर ही त्यांच्यासाठी खुर्ची नाही, सोबत आहे. ती सोबत कंपन्या वेगळी देत नाहीत म्हणून लोक खुर्ची मागतात.

खवय्यी

दोघांचं बरोबर आहे. मावशी, मुंबईला विमानतळाची प्रणाम नावाची पैसे भरून मिळणारी सेवा आहे. माणूस सोबत येतो, चेक-इनपासून गेटपर्यंत. शक्यतो थेट विमान घ्या, मधल्या विमानतळावरच म्हातारी माणसं बावरतात. एका कागदावर इंग्रजीत लिहून द्या: लेकाचं नाव, पत्ता, फोन, किती दिवस राहणार, परतीचं तिकीट, औषधांची यादी. इमिग्रेशनला तो कागद पुढे केला की निम्मं काम होतं. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत. भावजींचा गुडघा खरंच दुखत असेल तर मात्र खुर्ची सांगा, लाजू नका.

पेठेतली_मावशी

गुडघा जाऊबाईंचा दुखतो. तेव्हा एकच सांगते.

आगरी_कोळंबी

नवी मुंबईबद्दल कुणीच बोलत नाही? ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन आणि २५ डिसेंबरपासून विमानं सुरू. पहिलं बंगळुरूहून आलं. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवासी सोसेल एवढी इमारत, कमळाच्या आकाराची. दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून आमच्या गावांनी जो लढा दिला तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे, तरी इथे नोंदवून ठेवतो.

सुरुवातीला उड्डाणं फक्त सकाळी ८ ते रात्री ८ आणि देशांतर्गत. आता महत्त्वाचं. तिकीट शोधताना नुसतं "मुंबई" टाकलं की दोन्ही विमानतळ एकत्र दिसतात. नव्याचा कोड एनएमआय, जुन्याचा बीओएम. स्वस्त म्हणून नागपूरहून एनएमआयला उतरायचं आणि त्याच रात्री जुन्या, सहारच्या विमानतळावरून दुबईचं वेगळं तिकीट, असला प्रकार करू नका. मध्ये अख्खा सायन-पनवेल महामार्ग आहे. दोन वेगळे पीएनआर असतील तर पहिलं विमान रखडून दुसरं चुकल्याची जबाबदारी कुणीच घेत नाही.

दक्षिण मुंबईकरांना अटल सेतू आहे, गाडीला एका बाजूचा टोल २५० रुपये. उलट ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत गेल्यापासून त्यांना जुनाच विमानतळ सोपा पडतो, टी-१ आणि टी-२ दोन्हींना स्टेशन आहे. नव्याचा खरा फायदा पनवेल-उरण-अलिबाग आणि द्रुतगती मार्गाने येणाऱ्या पुणेकरांना.

गोंयकार_सावंतवाडी

दोन विमानतळांचा अनुभव आम्हाला विचारा. जानेवारी २०२३ पासून मोपा आणि दाबोळी दोन्ही चालू आहेत. मोपा उत्तरेला पेडण्यात, दाबोळी वास्कोजवळ. जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. एका अक्षराचा फरक, टॅक्सीवाल्याला मात्र दीड तासाचं भाडं. सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्गवाल्यांनी डोळे झाकून मोपा. पाळोळ्याला जाणाऱ्या पाहुण्यांनी दाबोळी.

सातवा_मजला

छोट्या शहरांचंही थोडं लिहितो. अमरावती एप्रिल २०२५ पासून मुंबईला जोडलं गेलं. सोलापूरहून जूनमध्ये गोवा आणि ऑक्टोबरमध्ये मुंबई सुरू झालं. यातल्या कित्येक मार्गांवर एटीआर ही पंख्यांची छोटी विमानं असतात. त्यांचे वरचे कप्पे लहान, नेहमीची चाकांची बॅग दारातच काढून घेतात. औषधं, दागिने, लॅपटॉप आधीच छोट्या पिशवीत वेगळे ठेवा. वजनाचे नियमही जास्त कडक.

पनवेलचा_पाहुणा

पॉवरबँकचं काय झालं? माझा वीस हजारवाला काढून घेतील का?

मुक्काम_पोस्ट_फ्रँकफुर्ट

नाही घेणार. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे, एमएएचची नाही. एमएएचला ३.७ ने गुणायचं आणि हजाराने भागायचं. २०,००० चा येतो ७४. २७,००० चा काठावर, ९९.९. शंभर ते १६० ला कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे बंदी. आणि कायम हातातल्या सामानात, चेक-इनमध्ये कधीच नाही. बॅटरीवरचा आकडा पुसला गेला असेल तर तपासणीवाला ऐकून घेत नाही, तेव्हा तो वाचता येतोय का बघा.

जानेवारी २०२५ मध्ये कोरियात एअर बुसानचं उभं विमान पेटलं, तेव्हापासून सगळे धास्तावलेत. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिलपासून आणि एमिरेट्सने ऑक्टोबरपासून विमानात पॉवरबँक वापरायला बंदी केली. एमिरेट्सवर एकच नेता येतो. आता डीजीसीएनेही विमानात त्यावर चार्जिंग नको आणि तो वरच्या कप्प्यात ठेवू नका असं सांगितलंय. सीटखाली किंवा पुढच्या खिशात, डोळ्यांसमोर ठेवा.

खवय्यी

खाण्याचं मी सांगते. सुकं खोबरं चेक-इनमध्ये नको. ते तेलकट आणि पेट घेणारं म्हणून धोकादायक मालाच्या यादीत आहे, तेव्हा लाडूवाल्या मावशींनी ते आधीच किसून, भाजून लाडवात घालावं. अख्खा नारळ केबिनमध्ये चालत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना तेवढी काही काळापुरती सूट मिळाली होती. लोणचं हातातल्या पिशवीत अडवतात, चेक-इनमध्ये घाला आणि बरणीला तीन पिशव्या. चिवडा, चकल्या, पुरणपोळ्या कुणी अडवत नाही, फक्त तपासणीवाला प्रेमाने बघतो.

चिंतामणराव_नळस्टॉप

सातवा_मजला, एक विचारतो. मुलाने कंपनीच्या कामाने साठवलेले बरेच पॉइंट आहेत, त्यातून आमचं तिकीट काढतो म्हणतोय. साइटवर "पॉइंट अधिक रोख" असंही दिसतं. फायद्याचं काय ते कसं ओळखायचं?

सातवा_मजला

राव, आलात ना वाटेवर! गणित सोपं आहे. रोखीने तिकीट किती ते बघा. पॉइंटांनी काढल्यावरही जे कर खिशातून भरावे लागतात ते त्यातून वजा करा. राहिलेल्याला लागणाऱ्या पॉइंटांनी भागा. समजा रोखीचं तिकीट ९,०००, कर १,२०० आणि पॉइंट १२,०००. उरले ७,८००, म्हणजे एका पॉइंटचे ६५ पैसे. हाच हिशेब "पॉइंट अधिक रोख"ला लावलात की बहुधा दर पडलेला दिसेल. व्हाउचर आणि मिक्सर-इस्त्रीच्या दुकानात त्याहून पडलेला.

दर चढतो तो दोन ठिकाणी. एक, सणासुदीला किंवा अगदी ऐनवेळी, जेव्हा रोखीचं तिकीट भडकलेलं असतं पण पॉइंटांची जागा अजून शिल्लक असते. दुसरं, लांबच्या प्रवासाच्या बिझनेस वर्गात, त्यातही भागीदार कंपन्यांच्या विमानांत. त्या जागा मोजक्याच सोडतात, म्हणून तारीख पुढे-मागे करायची तयारी हवी. तुम्ही निवृत्त, तुम्हाला कसली घाई. मुलाला म्हणावं, मंगळवार-बुधवार बघ. आणि कार्डाचे पॉइंट विमानकंपनीकडे वळवायचे असतील तर आधी जागा दिसली पाहिजे, मगच वळवायचे. एकदा गेले की परत येत नाहीत.

चिंतामणराव_नळस्टॉप

बरं. सिंगापूरला पुतणी आहे, बघतो. पण तिथून येताना मुंबईच्या इमिग्रेशनची रांग, तिच्यासाठी आहे का काही पॉइंट?

नियमावली

त्याला पॉइंट नकोत, फुकट आहे. गृहमंत्रालयाची फास्ट ट्रॅक इमिग्रेशन योजना, दिल्लीत जून २०२४ पासून आणि मुंबईत १६ जानेवारी २०२५ पासून. भारतीय पासपोर्टवाले आणि ओसीआयवाले (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे) दोघांनाही. ऑनलाइन अर्ज करायचा, मंजूर झाला की विमानतळावर किंवा एफआरआरओ (परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या) कार्यालयात बोटांचे ठसे आणि फोटो. मग ई-गेटवर पासपोर्ट टेकवायचा की झालं. डिजियात्रा (चेहरा दाखवून आत जायची सोय) वेगळी हं, ती देशांतर्गत प्रवासाला, टर्मिनलच्या दारात आणि सुरक्षा तपासणीला. दोन्हींची नोंदणी वेगवेगळी करावी लागते.

चिंतामणराव_नळस्टॉप

माझा पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतोय. आत्ता अर्ज करू का?

नियमावली

नका करू. नोंदणी पाच वर्षं चालते, पण पासपोर्ट आधी संपला तर तीही त्याच दिवशी संपते. आधी नवा पासपोर्ट काढा, मग अर्ज.